दोन महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन खात नाही, औषध कसं पाजायचं?

कोरांटी (शनिवार, रात्री १०:५२)

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पाच आठवड्यांपूर्वी आमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचं पिल्लू आलं. लेकाने नाव ठेवलं गोट्या. आता तो साधारण दोन महिन्यांचा असेल, शेपटीसकट माझ्या वितीएवढा. आला तेव्हा रातकिड्यांवर असा तुटून पडायचा की बघत राहावं. गेल्या आठवड्यात खाणं कमी कमी होत गेलं आणि आज चार दिवस झाले, काही म्हणजे काहीच नाही. दिवसाही डोळे मिटून पडलेला असतो. डोळे आत गेल्यासारखे दिसतात. शी पातळ आणि वास इतका घाण की खोलीत थांबवत नाही. आज सकाळपासून मागच्या डाव्या पायाची बोटं आपोआप फडफडतायत, हार्मोनियम वाजवल्यासारखी.

ज्यांच्याकडून घेतला त्यांनी एक टॉनिक दिलंय, रोज दोन थेंब. पण हा तोंडच उघडत नाही! जबरदस्ती करायची भीती वाटते, जबडा माझ्या करंगळीच्या नखाएवढा आहे. कुणी पाजलंय का? तोंड कसं उघडायचं?

धूमकेतू (शनिवार, रात्री ११:०५)

टॉनिक आधी बाजूला ठेवा. तोंडाचं नंतर बघू.

दिव्याखालच्या दगडावर तापमान किती आहे आणि ते कशाने मोजलंत? थंड कोपऱ्यात किती? यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) दिवा कुठला, नळी की गोल बल्ब, किती जुना, आणि दिवा आणि गोट्या यांच्या मध्ये काय आहे, जाळी की काच की काहीच नाही? तळाला काय पसरलंय? कॅल्शियम पावडर किती वेळा? वजन किती, आणि गेल्या आठवड्यात किती होतं?

उगाच_बंडू (शनिवार, रात्री ११:०९)

धूमकेतू, मदत करताय की आरोपपत्र दाखल करताय?

धूमकेतू (शनिवार, रात्री ११:११)

सरडा आजारी असला की दहातल्या आठ वेळा आजार त्याच्या काचेच्या पेटीत असतो, सरड्यात नंतर उतरतो. म्हणून विचारतोय.

कोरांटी (शनिवार, रात्री ११:३०)

काचेला चिकटवायचा घड्याळासारखा थर्मामीटर आहे, तो ४० दाखवतो. थंड बाजूला मोजलं नाही. यूव्हीबी पिळाचा बल्ब आहे, पेटीबरोबरच आला होता. पेटीच्या अर्ध्या भागावर जाळी आहे, त्यावर उष्णतेचा दिवा. उरलेल्या अर्ध्यावर काचेचं झाकण, त्यावर यूव्हीबी. तळाला कॅल्शियमची वाळू आहे, पिशवीवर 'पचणारी' असं लिहिलंय. पावडर आठवड्यातून एकदा. वजन कधीच केलं नाही. :(

मिणमिणता_दिवा (शनिवार, रात्री ११:४८)

कोरांटीताई, वाईट वाटून घेऊ नका, पण गोट्याच्या लेखी तो यूव्हीबीचा दिवा पाच आठवडे बंदच आहे.

साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. उजेड आरपार येतो म्हणून आपल्याला वाटतं सगळंच येतंय. यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा, तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे दिवा लखलखीत दिसतो आणि उपयोग शून्य. बारीक जाळीसुद्धा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाऊन टाकते.

हे प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले. खांबावर, ओंडक्यावर चढून उन्हात बसणारे. त्या उन्हातल्या यूव्हीबीवर कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि डी३ नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम रक्तात शिरत नाही. रक्तात कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं. पिल्लू झपाट्याने वाढत असतं, त्याला लागतं सगळ्यात जास्त आणि साठा सगळ्यात कमी. बोटं फडफडतायत ती बहुतेक त्यामुळेच.

पिळाच्या बल्बऐवजी लांब टी५ नळी (बारीक ट्यूबलाइट) घ्या, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीवर पसरणारी. आणि वर्षाच्या आत बदला. नळी पेटत राहते, पण यूव्हीबी हळूहळू संपत जातं.

अर्धाकच्चा (रविवार, पहाटे १२:२०)

एवढं घाबरवू नका हो बाईंना. ड्रॅगन झोपतात असे, त्याला ब्रुमेशन म्हणतात. माझा दरवर्षी दोन-अडीच महिने झोपतो, खात नाही, पीत नाही, नंतर ठणठणीत. अंधार करा, दिवे बंद करा, त्रास देऊ नका. अगदीच वाटलं तर मधाचं पाणी सिरिंजने पाजा, ताकद येते.

धूमकेतू (रविवार, पहाटे १२:२६)

नाही. नाही. आणि नाही.

कोरांटीताई, यातलं काहीही करू नका. ब्रुमेशन मोठ्या प्राण्यांचं असतं, सहसा वर्षाच्या पुढच्या. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे झोपून काढण्याएवढी चरबीच नसते. आणि ब्रुमेशनमध्ये सरडा फारसा वाळत नाही, त्याला जुलाब होत नाहीत, बोटं उडत नाहीत. दिवे बंद केलेत तर हे पिल्लू उठायचं नाही.

शेपूटवाली_ओपीडी (रविवार, पहाटे १२:४१)

मी पशुवैद्य आहे, पण माझ्याकडे येतात ती कुत्री आणि मांजरं. सरडे मी कॉलेजात जेवढे वाचले तेवढेच. म्हणून पहिला सल्ला असा की सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधा, माझ्यासारखा नको. आणि सोमवारीच जा, 'दोन दिवस वाट बघू' करू नका. हे प्राणी आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो त्याला आधी उचललं जातं. त्यामुळे आपल्याला दिसेपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते.

मध-पाणी का नको ते सांगते. सरड्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. अशक्त पिल्लाच्या तोंडात सिरिंज दाबली की ते पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. दुसरं, त्याचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. गार सरड्याच्या पोटात अन्न ढकललं तर ते पचत नाही, कुजतं. म्हणून आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम मोडू नका.

जाताना ताजी शी घेऊन जा. सुकू द्यायची नाही, बंद डबीत ठेवायची. लगेच निघता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि डबीवर ठळक लिहा, घरात कुणीतरी उघडतंच.

उगाच_बंडू (रविवार, सकाळी ८:१५)

'डबीवर ठळक लिहा' हा अनुभवाचा आवाज आहे. :D

मृद्गंध (रविवार, सकाळी ८:५०)

कोरांटी, तुझं वाचून पोटात कालवलं. माझं पहिलं पिल्लू असंच गेलं.

आम्ही दोन पिल्लं एकत्र ठेवली होती, एकमेकांना सोबत होईल म्हणून. दिव्याखाली एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसायचा. आम्ही फोटो काढायचो, काय प्रेम आहे! नंतर कळलं की वरचा खालच्याची उष्णता आणि यूव्हीबी अडवत होता. खालचा हात हलवायचा, हळूहळू, टाटा केल्यासारखा. आम्हाला वाटायचं ओळख दाखवतोय. तो म्हणत होता, 'मी लहान आहे, मला मारू नको.' तिसऱ्या आठवड्यात त्याच्या शेपटीचं टोक आणि एक बोट गेलं. चौथ्यात तो गेला. तो फोटो अजून आहे माझ्याकडे, पण बघवत नाही.

तुझा एकटाच आहे, ही एक गोष्ट बरोबर झालीय. वाळू मात्र आजच काढ. 'पचणारी' वगैरे काही नसतं. रातकिड्याबरोबर पोटात जाते आणि घट्ट बसते. साधे टिश्यू पेपर अंथर. दिसायला गरिबासारखं दिसेल, पण शी लगेच दिसते आणि लगेच उचलता येते.

निर्मोही (रविवार, सकाळी ९:३०)

कटू वाटेल, पण विचारतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला प्राणी दिवाणखान्यात कशाला? पाच आठवड्यांत आधी माहिती काढता आली नसती?

मृद्गंध (रविवार, सकाळी ९:३४)

निर्मोही, प्रश्न बरोबर, वेळ चुकलीय. आधी पिल्लू वाचू दे.

मिणमिणता_दिवा (रविवार, सकाळी ९:४१)

रानातून पकडून आणलेले नसतात हे. ऑस्ट्रेलियाने स्थानिक वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात १९६०च्या दशकातच बंद केली. बाहेर विकले जातात ते पिढ्यानपिढ्या पेटीत जन्मलेले. अर्थात त्यामुळे त्यांची गरज बदलत नाही. उन्हाचं शरीर ते उन्हाचंच राहतं.

निर्मोही (रविवार, सकाळी ९:५०)

पेटीत जन्मला म्हणून पेटीचा झाला असं नाही, एवढंच म्हणणं आहे. पण मृद्गंध यांचं पटलं. थांबतो. कोरांटी, तुम्हाला टोचायचा हेतू नव्हता.

कोरांटी (रविवार, दुपारी १:४०)

निर्मोही, तुमचा राग नाही आला. रात्रभर तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता.

धूमकेतू, बसलात का? केक शिजला का बघायला त्यात खुपसतात तो थर्मामीटर होता घरात. त्याचं टोक दगडाला टेकवून वीस मिनिटं ठेवलं. २९.५!! आणि काचेवरचं घड्याळ शेजारीच खुशाल ४० दाखवतंय. मी रोज सकाळी ते बघून समाधानाने चहा प्यायचे.

नवऱ्याने दगडाखाली एक फरशी सरकवली, मग वीस मिनिटं थांबून मोजलं, ३४. दुसरी फरशी, ३७.५. तिसरी, ४१. तिथे थांबलो. थंड बाजूला २६ आहे. काचेचं झाकण काढलं, तिथे जाळी बसवतोय. वाळू काढली, चहाच्या गाळण्यातून गाळली तर त्यात दोन मेलेले रातकिडे आणि त्याचीच जुनी शी निघाली. (थर्मामीटर आणि गाळणं दोन्ही स्वयंपाकघरातून हद्दपार.)

गोट्याला उचलून दगडावर ठेवलं. आधी तसाच पडला. मग दहा मिनिटांनी पोट पसरून चपटा झाला, एखादी पोळी टाकल्यासारखा, आणि रंग फिकट व्हायला लागला. गेले काही दिवस तो मळकट काळाच असायचा, मला वाटायचं हाच त्याचा रंग.

धूमकेतू (रविवार, दुपारी १:५२)

शाब्बास. गार सरडा काळा पडतो, उष्णता ओढून घ्यायला. तापला की उजळतो. पिल्लांना ४० ते ४३ चालतं, तुमचं ४१ उत्तम आहे. फक्त तो दिव्याला पाठ टेकवू शकणार नाही ना, तेवढं बघा. रात्री सगळे दिवे बंद, लाल-निळे 'रात्रीचे' बल्बही नकोत. घर फार गार होत नसेल तर वेगळी ऊबही नको.

यूव्हीबी नळी येईपर्यंत सकाळचं कोवळं ऊन द्या, पंधरा मिनिटं. पण काचेच्या पेटीत ठेवून नाही! बंद काचेत उन्हात सरडा काही मिनिटांत भाजून मरतो. हवेशीर जाळीच्या टोपलीत, अर्ध्या भागावर फडक्याची सावली टाकून, आणि तुम्ही तिथेच बसून. फोन न बघता.

शेवंती७७ (रविवार, दुपारी २:१०)

लहान मूल घरात आहे म्हणून एक. सरड्यांच्या शीमधून साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) पसरतो, सरडा अगदी तंदुरुस्त दिसत असला तरी. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालचं मूल असेल तर हाताळू देऊच नका. आणि पापी तर अजिबात नाही. माझी भाची घ्यायची.

कोरांटी (रविवार, दुपारी २:१५)

लेक नऊ वर्षांचा आहे. पापीचं आत्ताच विचारलं, 'एकदाच' असं उत्तर आलंय. :(

उगाच_बंडू (रविवार, दुपारी २:३०)

सरड्याची धाव कुंपणापर्यंत ऐकलं होतं, या सरड्याची धाव थेट गालापर्यंत.

अवांतर: मी असा ड्रॅगन पहिल्यांदा बघितला तेव्हा वरून हात घातला तर फुगला आणि गळ्याखालची दाढी काळीकुट्ट केली. एवढासा जीव आणि मलाच दम!

मिणमिणता_दिवा (रविवार, दुपारी २:४४)

वरून येतो तो शिकारी पक्षी, असं त्याचं गणित. डोक्याच्या मधोमध त्याला एक तिसरा डोळा असतो, पांढरट ठिपक्याएवढा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. म्हणून हात समोरून, खालून न्यायचा.

आणि अवांतर निघालंच आहे तर, यांच्या झोपेवर अभ्यास झालाय. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेतल्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवलं की झोपेत यांच्या मेंदूतही आपल्यासारख्या दोन अवस्था आलटून पालटून येतात, त्यातली एक डोळे हलण्याची. स्वप्नं पडतात का ते मात्र त्यालाच माहीत.

वाचनमात्र (रविवार, दुपारी ३:००)

वाचतोय. सरडा नाही, पाळणारही नाही, पण धागा सोडवत नाही.

शेपूटवाली_ओपीडी (रविवार, संध्याकाळी ६:२०)

कोरांटी, एक गोष्ट बघून ठेव, डॉक्टर विचारतील. मान मागे टाकून छताकडे बघत राहतो का? तोल जातो का? पिल्लांमध्ये एक अ‍ॅडिनोव्हायरस असतो, त्यात असं होऊ शकतं. त्याला थेट औषध नाही. बोटांची फडफड आणि ते, या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून जमलं तर व्हिडिओ काढून ने. दवाखान्यात गेल्यावर प्राणी हमखास शहाण्यासारखे वागतात.

कोरांटी (सोमवार, रात्री ९:३५)

जाऊन आले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, सगळं एकत्र लिहिते.

वजन २३ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले या वयाला आणि लांबीला हे कमी आहे. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, म्हणजे शरीरात पाणी नाही. मग बोटाच्या टोकाने खालचा जबडा दाबून बघितला. मलाही दाबायला सांगितलं, अगदी हलका. कडक लागायला हवा, तो रबरासारखा लवला. ते काही केल्या विसरता येत नाहीये.

एक्स-रेमध्ये पायाची हाडं पुसट दिसतात. हाडांचा आजार, पण सुरुवातीचा. पाठीचा कणा सरळ आहे. मान मागे टाकत नाही, त्यामुळे अ‍ॅडिनोव्हायरसचा संशय कमी, चाचणी सध्या नाही. शीमध्ये कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघाले, भरपूर. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले, काचेवर साबुदाणा सांडल्यासारखे.

कातडीखाली सलाइन दिलं. कॅल्शियमचं पातळ औषध, कॉक्सिडियासाठी टोल्ट्राझ्युरिल. दोन्हीचे डोस वजनावर मोजून दिलेत, थेंबाच्या हिशोबात नाहीत. टॉनिकची बाटली डॉक्टरांनी वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, काही न बोलता.

म्हणजे फिरून मी शनिवारच्या प्रश्नावर आले. पाजायचं कसं? दवाखान्यात त्यांनी पाजलं तेव्हा दोन सेकंदांत झालं. घरी अर्धा तास झाला, औषध माझ्या मनगटावर आणि गोट्याच्या कपाळावर.

उगाच_बंडू (सोमवार, रात्री ९:४०)

कपाळावर म्हणजे तिसऱ्या डोळ्यात गेलं का?

धूमकेतू (सोमवार, रात्री ९:५८)

आता प्रश्न योग्य वेळी आलाय.

जबडा अजिबात ओढायचा नाही. दाढीची कातडी खाली खेचून तोंड उघडायची पद्धत आहे, पण ती टणक जबड्यासाठी. तुमच्याकडे जबडा मऊ आहे, मोडेल. त्याला स्वतःहून चाटू द्या.

आधी दगडावर अर्धा तास तापू दे. मग मांडीवर रुमालात गुंडाळा, डोकं बाहेर, शरीर थोडं वर चढतं. सिरिंजमध्ये नुसतं कोमट पाणी घेऊन एक थेंब नाकपुड्या टाळून ओठाच्या शेंड्यावर सोडा. काही करू नका, थांबा. जीभ बाहेर येईल. दुसरा थेंब पाण्याचाच. तिसराही. एकदा जिभेची लय लागली की चौथा थेंब औषधाचा. पुन्हा पाणी, पुन्हा औषध. दहा मिनिटं लागतात. घाई केली की अर्धा तास लागतो.

मृद्गंध (सोमवार, रात्री १०:०६)

+१. आणि खोलीतला टीव्ही बंद. माझा चाटता चाटता बातम्यांकडे बघत बसायचा.

शेपूटवाली_ओपीडी (सोमवार, रात्री १०:३०)

धूमकेतू यांची पद्धत मी मांजरीवर करून बघणार आहे. (मरेन.)

कॉक्सिडियाबद्दल थोडं. ते बऱ्याच ड्रॅगनमध्ये थोडेफार असतात. पिल्लू गारठलं, खचलं की बेसुमार वाढतात. औषध चालू असताना खरी लढाई शीशी असते. एका शीतून बाहेर पडलेले पुन्हा तोंडात जातात आणि चक्र चालू राहतं. त्यातून हे साध्या ब्लीचला दाद देत नाहीत, उकळतं पाणी किंवा वाफच लागते. टिश्यू रोज बदल, शी दिसली की लगेच उचल, सच्छिद्र लाकूड-फांद्या सध्या बाहेर.

धूमकेतू (सोमवार, रात्री १०:४२)

आणि उरलेले रातकिडे आत सोडून ठेवू नका. ते शीवरून चालतात, शी खातात, आणि गोट्या त्यांना खातो. झालं, चक्र पूर्ण. शिवाय रात्री भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि पापण्या कुरतडतात. दहा-पंधरा मिनिटं खाऊ द्यायचं, उरलेले मोजून बाहेर.

खायला लागला की किड्याचा आकार त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतं आणि ड्रॅगनला हवं उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. म्हणून आठवड्यातून एकदा पावडरीने काही होत नाही. पिशवीत किडे आणि चिमूटभर पावडर घालून हलवायचं, भुतासारखे पांढरे झाले की सोडायचे. या वयात जवळजवळ रोज. पण आता तुमचं औषध चालू आहे, तेव्हा किती ते डॉक्टरांना विचारून.

शेवंती७७ (मंगळवार, सकाळी ७:५०)

अंगणातले किडे पकडून दिले तर चालतात का? आमच्याकडे संध्याकाळी काजवेसुद्धा असतात, मुलं पकडतात.

धूमकेतू (मंगळवार, सकाळी ७:५४)

काजवा कधीच नाही!! काही जातींच्या काजव्यांतलं विष असं असतं की एक काजवा मोठ्या ड्रॅगनला पुरतो. कुठली जात ते ओळखत बसू नका, काजवा दिसला की पेटी बंद. बाकी बाहेरच्या किड्यांवर कुठली फवारणी झालीय ते आपल्याला कळत नाही, म्हणून तेही टाळावेत. भाज्यांत अ‍ॅव्होकॅडो नाही. पालकही रोज नको, त्यातली ऑक्झॅलेट्स कॅल्शियमला धरून ठेवतात.

कोरांटी (बुधवार, रात्री ८:१०)

अकरावा थेंब!! अकराव्या थेंबाला जीभ बाहेर आली. लेक मोजत होता. औषध पूर्ण आत. कपाळ कोरडं.

अर्धाकच्चा (बुधवार, रात्री ८:३०)

अभिनंदन. आणि शनिवारच्या सल्ल्याबद्दल सॉरी. माझा मोठा आहे, मी त्याच्यावरूनच बोललो.

कोरांटी (सातव्या दिवशी, सोमवार, रात्री १०:१५)

वजन २४. एक ग्रॅम म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं. आज दुपारी एक रातकिडा बघितला, डोकं वाकडं केलं, जीभ थोडी बाहेर काढली आणि विचार बदलला. पण बघितला तरी. टी५ नळी बसली. बोटांची फडफड दिवसातून दोन-तीनदाच.

वाचनमात्र (सोमवार, रात्री १०:२०)

मी इकडे एकटाच टाळ्या वाजवतोय.

कोरांटी (सहा आठवड्यांनी, रविवार)

धागा वर काढतेय. गोट्या ४६ ग्रॅम. दुसऱ्या तपासणीत कॉक्सिडिया अगदी तुरळक होते, औषधाचा अजून एक कोर्स झाला, परवाच्या तिसऱ्या तपासणीत काही नाही. जबडा कडक आहे, मी रोज न राहवून बघते. मागचा डावा पाय घोट्यात थोडा वाकडा राहिलाय, तो तसाच राहील म्हणाले. पळताना त्या बाजूला जरा कलतो, त्यामुळे रातकिडा डावीकडे गेला तर सुटतो. लेक आता सगळे उजवीकडूनच सोडतो.

अवांतर: गोट्या नर आहे का असं डॉक्टरांना विचारलं, तर अजून लहान आहे म्हणाले.

मिणमिणता_दिवा (रविवार)

बाहेरून कळलं तरी आतून काय हा प्रश्न राहतोच. या जातीत अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येऊ शकतात. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलं होतं, ऑस्ट्रेलियात रानातही अशा माद्या सापडल्या, आणि त्या अंडीही घालतात.

उगाच_बंडू (रविवार)

म्हणजे रंग बदलणं हा यांचा किरकोळ उद्योग आहे.

कोरांटी (रविवार)

लेकाला वाचून दाखवलं. अंडी घातली तरी नाव गोट्याच, असं त्याने जाहीर केलंय.

अर्धाकच्चा (रविवार, रात्री)

एक कबुली. हा धागा वाचून माझ्या 'ठणठणीत' ड्रॅगनची शी तपासून घेतली. पोट पिनवर्मने (बारीक जंतांनी) भरलेलं आहे. औषध चालू केलं. डॉक्टरांनी यूव्हीबी नळी कधी बदलली विचारलं. मला वाटतं घेतली तेव्हाचीच आहे, तीनेक वर्षं झाली असतील.

धूमकेतू (रविवार, रात्री)

तीन वर्षं??

उगाच_बंडू (रविवार, रात्री)

अर्धाकच्चे, पळा. आरोपपत्र येतंय.